व्हर्मूथची रेघ

व्हर्मूथ हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तो मेहकरच्या हायस्कुलात, लायब्ररीच्या फरशीवर फतकल मारून बसलेली असताना. काहीतरी रंगबिंग असेल किंवा साहेबांचं एखादं औषध, असं मला वाटलं. आज ऐंशीच्या घरात आले तरी कुठे तो शब्द दिसला की मी पान उलटते. दारूचा थेंब मी कधी चाखलेला नाही. पान उलटते ते दुसऱ्याच कारणाने, आणि ते मी आजवर कुणालाच धड सांगितलेलं नाही. आता सांगते, कारण आता मला कामावरून काढणारं कुणी उरलेलं नाही.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवंनवं होतं. मी बावीस वर्षांची, अमडापूरची, आणि त्या शाळेतली एकुलती एक बाई. भूगोल आणि गणित शिकवायची. शेर जाऊन किलो आले होते, मैल जाऊन किलोमीटर, आणि ही नवी मापं पोरांच्या डोक्यात भरायचं काम माझ्याकडेच होतं. पोरं घरी जाऊन आजीची पायली मोडीत काढायची आणि आज्या मला शिव्या घालायच्या. मला त्याची भारी घमेंड होती. या गावाला हिशेब मीच शिकवणार, अशा तोऱ्यात चालायची मी.

पण नोकरी तात्पुरती होती. मेहकरच्या स्टँडवर मला सोडायला आलेल्या थोरल्या भावाने तिथेच बजावलं होतं की नोकरी तात्पुरती, तर परवानगीही तात्पुरती. वर्षभरात कायम झालीस तर राहा, नाहीतर गुमान घरी ये, स्थळ पाहून ठेवलं आहे. स्थळ कसलं डोंबलाचं, दोन लेकरांचा बाप होता तो. त्यामुळे शाळेत घंटा वाजो की पाऊस पडो, माझ्या डोक्यात एकच गोष्ट असायची: कायम केल्याचं पत्र. आणि त्या पत्रावर सही होती संस्थेच्या अध्यक्षांची.

अध्यक्ष माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. खादीचा सदरा, करकरीत वहाणा, आणि बोलणं अगदी पुस्तकी. ही शाळा त्यांनी दारोदार फिरून उभी केली होती. त्यांचा सख्खा धाकटा भाऊ दारूपायी ऐन तिशीत गेला, आणि तेव्हापासून दारूबंदी हेच त्यांचं दैवत झालं. गावोगाव जाऊन त्यांनी मोहाच्या दारूची मडकी स्वतःच्या हाताने फोडली होती. त्यांच्यासमोर कुणी दारू हा शब्द काढला तरी त्यांचा चेहरा दुखऱ्या दाताला धक्का लागल्यासारखा व्हायचा.

आणि त्यांच्याच शाळेत, त्यांनीच कामावर ठेवलेला एक माणूस परमिटवर दारू प्यायचा. ते आमचे हवालदारकाका.

काका डोणगावजवळच्या एका खेड्यातले, शेतकऱ्याच्या घरचे. दुसऱ्या महायुद्धात पलटणीबरोबर इटलीला गेले आणि तिथून मांडीत लोखंडाचा तुकडा घेऊन परत आले. तो तुकडा काढला नव्हता. थंडी पडली की पाय असा ठणकायचा की त्यांना भिंत धरून उभं राहावं लागे. राज्यात तेव्हा दारूबंदीचा कायदा होता, पण बुलढाण्याच्या मोठ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर त्यांना ब्रँडीचं परमिट मिळालं होतं. महिन्याला एक बाटली. ती ते औषधाच्या छोट्या ग्लासाने मोजून घ्यायचे, रेषेच्या वर थेंब नाही आणि खाली थेंब नाही. बायको वारलेली, शेत भाऊबंदांकडे गेलेलं. शाळेची घंटा, तीन कपाटांची लायब्ररी आणि लायब्ररीमागची एक खोली, एवढंच त्यांचं जग होतं. ती खोली गेली असती तर त्यांना जायला जागा नव्हती, हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

त्यांची एक सवय होती. पुस्तक परत आलं की ते आधी पाठीकडून धरून उलटं झटकायचे. त्यातून काय काय पडायचं! मोराची पिसं, एसटीची तिकिटं, पिंपळाची पानं, पोरांनी एकमेकांना लिहिलेल्या चिठ्ठ्या. काका ते न वाचता पत्र्याच्या डब्यात ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी ज्याचं त्याला गुपचूप नेऊन द्यायचे. माझी एक हेअरपिन त्यांनी अशीच परत केली होती, कागदात गुंडाळून.

त्या वर्षी शाळेत भूगोलाचं प्रदर्शन भरायचं होतं. कलेक्टर कचेरीतून रद्दीत निघालेली सरकारी व्यापाराची इंग्रजी पुस्तकं कुणीतरी आमच्या लायब्ररीला दिली होती. आपल्या देशात दरसाल बोटीने काय काय आलं आणि किती, याचे रकानेच्या रकाने. मी ठरवलं, ‘आपला देश बाहेरून काय आणतो’ यावर तक्ते करायचे. गहू घेतला, यंत्रं घेतली, तांबं घेतलं. या सगळ्यांच्या रेघा कंटाळवाण्या होत्या. मग एका पानावर हा व्हर्मूथ सापडला. त्याची रेघ पहिली काही वर्षं हळूहळू उतरत गेली होती आणि शेवटच्या वर्षांत एकदम भिंतीसारखी उभी वर गेली होती. तक्त्याला अशी रेघ मिळणं म्हणजे पर्वणीच.

काकांना विचारलं, हे काय असतं हो? काकांनी पान डोळ्यांजवळ नेलं आणि हसले. म्हणाले, इटलीत गल्लोगल्ली मिळायची ही, जडीबुटी घातलेली दारू, कडसर-गोड. मेसमध्ये साहेब लोक जेवणाआधी घोट घोट घ्यायचे. वास कसा, तर चैत्रात बालाजीला वाहतो त्या दवण्यासारखा. त्यांनी एकदाच चाखली होती, आणि मग तोंड धुतलं होतं म्हणे.

दारू आहे कळल्यावर शहाण्या बाईने ते पान उलटलं असतं. मी उलटलं नाही. उलट माझ्या मनात आलं, हा तक्ता अध्यक्षांना आवडेल. माझं नाव त्यांच्या लक्षात राहील. खरं तेच सांगते: त्या तक्त्यात भूगोल कमी आणि पुढेपुढे करणं जास्त होतं. लाल शाईने ती रेघ मी दोनदा गिरवली, आणि प्रदर्शनाची वाटही न पाहता तक्ता गुंडाळून अध्यक्षांच्या घरी नेला.

त्यांनी तो चौरंगावर पसरला आणि रेघेवरून बोट फिरवलं. मग चष्मा काढून पुसला. त्यांना वाटत होतं की देशातून दारू निघून चालली आहे, आपण जन्मभर केलं त्याला फळ येतं आहे. आणि इथे ही रेघ सांगत होती की आपलं राज्य आलं आणि परदेशी दारू चौपटीच्या आसपास वाढली. मोहाची मडकी आपण फोडली आणि वरच्या लोकांनी बोटीने बाटल्या मागवल्या.

“बाई, हे आकडे खरे आहेत?” त्यांनी विचारलं.

“सरकारी पुस्तकातले आहेत,” मी म्हणाले.

ते ही रेघ इतकी मनाला लावून घेतील असं मला वाटलं नव्हतं. दोन दिवसांत त्यांनी ठरवून टाकलं. रविवारी सकाळी बालाजीच्या देवळात सभा घ्यायची. तक्ता सगळ्यांना दाखवायचा. तालुक्यात ज्यांच्याकडे परमिटं आहेत त्यांना बोलवायचं, आणि त्यांनी बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन देवापुढे शपथ करायची की आजपासून बंद. आपल्याकडे बेलभंडार उचलून केलेली शपथ कुणी मोडत नाही. सुरुवात आपल्याच घरातून, म्हणजे हवालदारापासून. जो शपथ घेणार नाही त्याला संस्थेत जागा नाही. आणि जाता जाता मला म्हणाले की तुमचं कायमचं पत्र तयार आहे, रविवारी सभेआधी देतो, अशी नजर असलेली शिक्षिका आम्हाला हवी आहे. मी हवेतच घरी आले.

काकांना निरोप मिळाला तेव्हा ते घंटेची दोरी बदलत होते. मी त्यांना माझ्या पत्राची बातमी दिली आणि विचारलं, मग घेणार का शपथ? काका म्हणाले, “पाय दुखन तं पिईनच ना, बाई. मंग देवापुढं खोटं काऊन बोलू?” आणि दोरीला गाठ मारत राहिले. मला त्यांचा रागच आला. काय बिघडतं, मी मनात म्हटलं, शपथ घ्या आणि खोलीत बसून गुपचूप प्या! सगळं जग करतं. पण काकांच्या तोंडावर हे बोलायची माझी छाती झाली नाही.

शनिवारी सकाळची शाळा. शाळेआधी मी घासलेट आणायला दुकानात गेले. एक म्हातारी दुकानदाराशी हुज्जत घालत होती. दुकानदाराकडे लिटरचं नवं माप आलं होतं. तो तिला पटवत होता की पत्र्याच्या एका डब्यात पूर्वी चार गॅलन बसायचे, आता त्याच डब्यात अठरा लिटर बसतात. म्हातारी काही केल्या ऐकेना. शेवटी ती माझ्याकडे वळली, कारण मी मापांची मास्तरीण.

“मापं वाढले म्हणून तेल वाढलं का, बाई?” ती म्हणाली. “डबा तं तोच हाय ना?”

मी तिला समजावून सांगायला तोंड उघडलं आणि माझा तक्ता डोळ्यांपुढे आला. डबा तोच. मापं वाढली. चाराचे अठरा. घासलेटची बाटली तिथेच ठेवून मी शाळेकडे अक्षरशः धावले.

लायब्ररीत कुणी नव्हतं. मी दोन्ही पुस्तकं काढली, जुनं आणि नवं. आकडे उतरवताना मी रकान्याच्या डोक्यावरची बारीक अक्षरं वाचलीच नव्हती. जुन्या पुस्तकात तिथे गॅलन लिहिलं होतं. नव्यात लिटर. वहीचं पान फाडून मी भागाकार मांडला. नव्या प्रत्येक आकड्याला साडेचाराने भागलं. एकदा केलं, पुन्हा केलं. भिंत कोसळली. रेघ वर गेलीच नव्हती. ती उतरत आली होती तशीच उतरत चालली होती, आधीच्यापेक्षाही खाली. परदेशी चलनाची टंचाई, परवान्यांवरची कडक बंधनं, कारण काहीही असो, व्हर्मूथ या देशात येणं कमी कमी होत होतं. अध्यक्ष ज्यासाठी जन्मभर झिजले तेच खरं होतं, आणि मी त्यांना बरोबर उलटं दाखवलं होतं. अख्ख्या गावाला किलो-लिटर शिकवणारी मी!

पाठीमागे काठीचा आवाज आला. काका होते. काय झालं बाई, त्यांनी विचारलं, चेहरा असा काऊन? मी पुस्तक फटकन मिटलं. “काही नाही,” म्हणाले आणि वर्गावर निघून गेले.

त्या दिवशी पोरांना काय शिकवलं ते आठवत नाही. दुपारी मी अध्यक्षांच्या गल्लीत दोनदा गेले. दोन्ही वेळा त्यांच्या ओट्यापर्यंत जाऊन माघारी फिरले. आता सांगितलं तर पत्र कुठलं मिळतं! चूक ती काय साधी? भूगोल आणि गणित दोन्हीत नापास झालेली मास्तरीण. रविवारच्या गाडीने अमडापूर, आणि पुढच्या महिन्यात दोन लेकरांची आई. मग मी मनाशी सौदा केला. उद्या सभेआधी पत्र हातात येईल. ते आलं की त्याच क्षणी सांगायचं, सभा सुरू व्हायच्या आत. चूकही दुरुस्त होईल, काकांची खोलीही वाचेल, माझंही राहील. किती साधं!

रविवारी देवळाचं आवार भरलं होतं. अध्यक्षांनी दाराशीच मला लिफाफा दिला आणि आशीर्वाद दिला. मी तो पर्समध्ये ठेवला. आता, मी स्वतःला म्हटलं, बोल आता. पण त्यांच्याभोवती चार माणसं होती. मग सहा झाली. मग कुणीतरी सतरंजीवर बसायला सांगितलं आणि सभा सुरू झाली. खोटं कशाला बोलू, माणसं आडवी आलीच नव्हती. मीच आडवी आले.

तक्ता खांबाला टांगला होता. लाल रेघ शेवटच्या माणसालाही दिसत होती. अध्यक्ष आधी धाकट्या भावाबद्दल बोलले, आणि मग म्हणाले की हा तक्ता ज्यांनी केला त्या बाईच तो समजावून सांगतील. माझ्या हातात काठी दिली.

मी उठले. समोर, पुरुषांच्या पहिल्या रांगेत काका बसले होते, पाय लांब करून, धुतलेला सदरा घालून. ते माझ्याकडेच पाहत होते. त्या नजरेत राग नव्हता, विनवणी नव्हती, काहीच नव्हतं. वर्गात एखादं पोरगं फळ्यावर गणित करताना आपण पाहतो ना, तसे ते पाहत होते. मी काठी रेघेच्या सुरुवातीला टेकवली, खाली नेली, आणि मग त्या भिंतीवरून वर, पार वरपर्यंत नेली.

“एवढी वाढ झाली,” मी म्हणाले, आणि खाली बसले.

लोक हळहळले. मग पुजाऱ्याने तबक आणलं, त्यात बेलाची पानं आणि भंडारा. पहिलं नाव हवालदाराचं. काका काठीच्या आधाराने उठले, तबकापाशी गेले. त्यांनी देवाला हात जोडले, तबकातल्या पानाला हात लावला नाही. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला आणि तबकाशेजारी ठेवला. लायब्ररीची तीन कपाटं, घंटेची खोली, त्यांची स्वतःची खोली. मग वळले आणि लंगडत दाराबाहेर गेले. अध्यक्षांनी मान खाली घातली. त्यांनाही ते सोपं गेलं नाही, हे मी पाहिलं आहे.

माझ्याने नंतर अर्धा तासही बसवलं नाही. सभा चालू असतानाच मी उठले, अध्यक्षांच्या जवळ गेले आणि कानाशी वाकून सगळं सांगितलं. गॅलन, लिटर, साडेचार. त्यांना समजायला वेळ लागला.

“हे तुम्हाला कधी कळलं?” त्यांनी विचारलं.

“आत्ताच लक्षात आलं,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विश्वास ठेवला. उठून स्वतःच्या हाताने तक्ता उतरवला. लोकांना सांगितलं की आकड्यांत चूक झाली आहे, दोष माझा, मी तपासायला हवं होतं. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मग जुडगा माझ्या हातात देऊन म्हणाले, धावत जा, हवालदाराला परत आणा, शपथेचं पुढे बघू.

मी शाळेत गेले तर खोली उघडी आणि रिकामी. पलंगाखालची ट्रंक नव्हती. स्टँडवर धावले. काका ट्रंकेवर बसून डोणगावच्या गाडीची वाट पाहत होते. मी धापा टाकत सांगितलं की आकडा चुकला होता, अध्यक्ष बोलावत आहेत, हा घ्या जुडगा. काकांनी तो घेतला नाही. म्हणाले, देवापुढं ठेवलेल्या किल्ल्या आता कशा उचलू. भाऊबंदांकडे कोपरा मागतो, त्यांची गुरं सांभाळीन. मी रडायलाच लागले. भर स्टँडवर, बावीस वर्षांची मास्तरीण.

तेव्हा त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला आणि माझ्या पुढे धरला. माझ्याच वहीचं फाडलेलं पान. वर गॅलन, लिटर, आणि खाली माझाच भागाकार.

“तुमची चिठ्ठी,” ते म्हणाले. “पुस्तक झटकलं तवा पडली. कालच.”

माझं रडू जागीच थांबलं. म्हणजे त्यांना कालपासून माहीत होतं. मी काठी वर नेत होते तेव्हा माहीत होतं. बेलाचं पान उचलायला हात पुढे न करता किल्ल्या ठेवल्या तेव्हाही माहीत होतं. हा एक कागद त्यांनी खिशातून काढून अध्यक्षांना दाखवला असता, तर खोली त्यांची राहिली असती.

“मग काऊन नाही बोलले, काका?”

“सभेआधी तुमचं पत्र भेटनार होतं ना,” ते म्हणाले. “मले वाटलं, पत्र भेटल्यावर तुमीच सांगसान.”

गाडी आली. कंडक्टरने ट्रंक वर टाकली. पायरीवर चढताना त्यांना दोनदा थांबावं लागलं, थंडीचे दिवस होते. आत बसल्यावर खिडकीतून त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं आता तरी रागावतील, आणि मला ते हवंच होतं.

“भागाकार बरोबर हाय,” ते म्हणाले. “मी करून पाह्यला.”

गाडी गेली. मी तिथे उभी राहिले, एका हातात जुडगा, एका हातात चिठ्ठी आणि पर्समध्ये पत्र. त्या पत्रावर मी त्याच शाळेत चौतीस वर्षं काढली. आईला माझ्याकडे आणलं, निवृत्त झाले, पेन्शन आजही येते. काका पुन्हा मेहकरला आले नाहीत, आणि डोणगाव एवढंसं जवळ असून मीही कधी गेले नाही.